नव्व्याण्णववर अडलेलं चाक

मी एक मतदान यंत्र बोलतोय. तुमच्याकडे अजून, एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी सालीही, मत म्हणजे कागदावर शिक्का मारायचा, घडी घालायची आणि पेटीत टाकायची. माझं तसं नाही. मी कपाटाएवढा उंच आहे, लोखंडाचा आहे, आणि मला हलवायला चार माणसं लागतात. माझ्या तोंडावर उमेदवारांच्या नावांच्या ओळी, आणि प्रत्येक नावाशेजारी बोटभर लांबीचा एक खटका. समोर हिरवा पडदा. आत शिरून मोठा लाल दांडा ओढला की पडदा बंद होतो. हव्या त्या नावाचा खटका खाली करायचा. दांडा परत ओढला की पडदा उघडतो, खटके आपोआप वर जातात आणि माझ्या पाठीतली चाकं एकेक आकडा पुढे सरकतात. झालं मत. कागद नाही, शाई नाही. मागे उरतो तो फक्त आकडा.

अमेरिकेत जन्मलेलं यंत्र मराठी कसं बोलतं, असं तुम्हाला वाटेल. मराठी मला भानुदासनं शिकवली. म्हणजे मुद्दाम शिकवली नाही. तो काम करताना स्वतःशी बोलायचा आणि मी ऐकायचो. भानुदास मेश्राम हा मूळचा नागपूरचा. ही गोष्ट जितकी माझी आहे तितकीच त्याचीही आहे.

माझा जन्म एकोणीसशे अठ्ठावन्न सालचा, न्यूयॉर्क राज्यातल्या एका कारखान्यात. तिथून आम्ही चाळीस भावंडं एकाच वेळी पेनसिल्व्हेनियाच्या पश्चिम भागातल्या ऑर्डवे काउंटीत आलो. काउंटी म्हणजे तुमच्या जिल्ह्यासारखी, पण पुष्कळ लहान. नदीकाठी पोलादाची गिरणी, तिच्या धुरात गिरणी कामगारांची वस्ती, आणि वर टेकडीवर बंगले. मला खालच्या वस्तीतल्या फायर स्टेशनमध्ये उभं करत. वर्षातून दोनदा, मे महिन्यात आणि नोव्हेंबरात. बाकीचे दिवस मी काउंटीच्या गोदामात ताडपत्रीखाली काढायचो.

माणसं पडद्याआड कशी वागतात हे माझ्याइतकं कुणी पाहिलं नसेल. बाहेर मोठ्यानं बोलणारे आत आले की गप्प होतात. काहीजण नावावर बोट ठेवून ओठ हलवत वाचतात. म्हातारी माणसं टोपी काढतात. एक बाई दर वेळी खटका खाली केल्यावर क्षणभर डोळे मिटून उभी राहायची. मी हे कधी कुणाला सांगितलं नाही. पडद्याआडचं बाहेर न्यायचं नाही, हेच तर माझं काम.

पंचवीस वर्षं माझी देखभाल एका म्हाताऱ्या मेकॅनिकनं केली. तो निवृत्त झाला तेव्हा, म्हणजे त्र्याऐंशी साली, भानुदास आला.

भानुदास नागपूरला मेकॅनिकल इंजिनीअर झाला आणि एकाहत्तर साली गिरणीत नोकरी धरून इथं आला. अकरा वर्षं त्यानं तिथल्या अवजड मशिनरीची देखभाल केली. मग गिरणी बंद पडली. दीड वर्ष तो घरी बसला. त्याची बायको शीला हॉस्पिटलात नर्स होती, म्हणून घर चाललं. काउंटीच्या निवडणूक कचेरीनं मतदान यंत्रांसाठी मेकॅनिक हवा अशी जाहिरात दिली, तेव्हा इंजिनीअर माणसानं हे काम घ्यावं का, असा प्रश्न त्याच्या ओळखीतल्या पुष्कळांनी त्याला विचारला. त्यानं काम घेतलं.

पहिल्याच दिवशी त्यानं माझी पाठ उघडली आणि बराच वेळ आत बघत बसला. मग मराठीत म्हणाला, "वा. काय सुंदर काम केलंय." एवढ्या वर्षांत मला कुणी सुंदर म्हटलं नव्हतं.

हिवाळाभर तो गोदामात एकटा असायचा. तेल घालता घालता बोलायचा. त्याच्या आईबद्दल तो सगळ्यात जास्त बोलायचा. तिचं नाव रमाबाई. बावन्न सालच्या पहिल्या निवडणुकीत, उमरेडजवळच्या त्यांच्या खेड्यात, ती सात वर्षांच्या भानुदासला घेऊन सकाळीच केंद्रावर गेली. तुम्ही लोक दुपारून या, आधी गावाचं होऊ दे, असं तिला कुणीतरी सांगितलं. ती म्हणाली, इथं एकच रांग आहे आणि मी तिच्यात उभी आहे. ती हलली नाही. उन्हं डोक्यावर आली तेव्हा तिचा नंबर लागला. घरी आल्यावर तिनं शाई लागलेलं बोट दोन दिवस पाण्यात बुडू दिलं नाही. उजव्या हातानं पाणी भरलं, डावा हात वर धरून.

"बाबासाहेबांनी दिलेल्यातलं मत हे एकच असं होतं," तो मला म्हणायचा, "की ते देताना समोरच्याला तिच्याकडे बघावंच लागलं."

त्यामुळे भानुदास माझ्याकडे नुसतं यंत्र म्हणून बघत नसे. निवडणुकीच्या आधी तो आम्हा चाळीसही जणांचा एकेक खटका ओढून बघायचा. पाचपाच वेळा. पाठीतलं चाक पाचावर गेलं की पुढच्याकडे वळायचा. नियम तेवढाच होता. पाच वेळा चाललं तर पुढेही चालेल, असं सगळे धरून चालत.

पंच्याऐंशीच्या नोव्हेंबरात स्थानिक निवडणूक होती. सगळ्यात चुरस होती ती शाळा मंडळाच्या एका जागेसाठी. गिरणी बंद पडल्यापासून खालच्या वस्तीतली मुलं कमी झाली होती आणि मंडळाला रिव्हर स्ट्रीटवरची शाळा बंद करायची होती. मुलांना बसनं टेकडीवरच्या शाळेत पाठवायचं, असं ठरत होतं. त्याविरुद्ध मार्था कोव्हॅक उभी होती. पन्नाशीची बाई, गिरणी कामगाराची विधवा, त्याच शाळेच्या स्वयंपाकघरात वीस वर्षं काम केलेली. भानुदासची मुलगी सुमेधा तिच्याच हातचं जेवून सहावीपर्यंत शिकली होती.

त्या दिवशी सकाळपासून माझ्यापुढे रांग होती. मार्थाच्या नावाचा खटका सारखा खाली होत होता. दुपारी चारच्या सुमाराला तिच्या चाकावर नव्व्याण्णव आलं.

आता जे सांगतो ते नीट ऐका. नव्व्याण्णवचे शंभर होताना माझी तिन्ही चाकं एकदम फिरावी लागतात. एककाचं, दशकाचं आणि शतकाचं. त्याला जास्त जोर लागतो. सत्तावीस वर्षांत आतला एक दातरा, चाकांना पुढे ढकलणारा दात्यांचा तुकडा, झिजला होता. पुढच्या माणसानं दांडा ओढला. मला आत ताण जाणवला. पडदा उघडला, खटका वर गेला, माणूस बाहेर पडला. चाक मात्र जागचं हललं नाही.

मला ओरडता येत नाही. मी दिसायला अगदी रोजच्यासारखाच होतो.

पावणेसहाला शीला आली. अंगावर नर्सचा पांढरा पोशाख, वरून कोट. ड्यूटी पाचला संपली होती, ती तशीच आली होती. त्याच उन्हाळ्यात तिनं नागरिकत्वाची शपथ घेतली होती, आणि या देशातलं तिचं हे पहिलं मत होतं. तिनं प्रत्येक ओळ वाचली. मार्थाच्या नावाशी थांबली. खटका खाली केला, पुन्हा एकदा नाव वाचलं, मगच दांडा ओढला. बाहेर गेल्यावर फायर स्टेशनातल्या कुणीतरी तिचं अभिनंदन केलं, ते मी ऐकलं.

तिचं मत मी मोजलं नाही.

आठ वाजता केंद्र बंद झालं. तीन अधिकाऱ्यांनी माझी पाठ उघडून आकडे वाचले. कोव्हॅक, नव्व्याण्णव. समोरचा उमेदवार, बावन्न. कागदावर लिहिलं, सह्या केल्या, मला कुलूप घातलं. सगळ्या केंद्रांची बेरीज झाली तेव्हा मार्था सात मतांनी हरली.

निवडणुकीनंतर काही आठवडे आम्हाला हात लावायचा नाही असा कायदा आहे. त्यामुळे भानुदासनं माझी पाठ उघडली ती डिसेंबरच्या दहा तारखेला. तो चाकं शून्यावर आणायला निघाला होता. मार्थाच्या चाकाशी त्याचा हात थांबला. का थांबला ते मला माहीत नाही. कदाचित नव्व्याण्णव या आकड्याकडे बघूनच त्याच्यातल्या इंजिनीअरला काही वाटलं असेल.

त्यानं समोर येऊन तिचा खटका खाली केला, दांडा ओढला, आणि मागे जाऊन बघितलं. नव्व्याण्णव. पुन्हा ओढला. नव्व्याण्णव. असं त्यानं अकरा वेळा केलं. मग खिशातून निकालाच्या कागदाची प्रत काढली. त्या दिवशी माझ्यावर एकशे सत्त्याऐंशी जणांनी मतदान केलं होतं. मार्था आणि तिचा प्रतिस्पर्धी मिळून एकशे एक्कावन्न. उरले छत्तीस. शाळा मंडळाच्या ओळीला हातच न लावणारे लोक असतातच. पण छत्तीसांतले तसे किती, आणि मी गिळलेले किती?

तो स्टुलावर बसला. मग कागदाची घडी करून ती परत खिशात ठेवली.

दुसऱ्या दिवशी त्यानं निवडणूक कचेरीच्या मुख्य बाईंना, मिसेस हॅलोरनना, सगळं सांगितलं. त्या गोदामात आल्या, स्वतः दांडा ओढून बघितला. वाईट बाई नव्हती ती. बावीस वर्षं त्या खुर्चीवर बसून तिनं एकही निवडणूक ढिसाळपणे होऊ दिली नव्हती. म्हणूनच तिचा चेहरा पांढरा पडला. मग ती हळू आवाजात म्हणाली की निकाल जाहीर होऊन कचेरीत हरकत घ्यायची मुदत संपली आहे. जानेवारीत काउंटीचा कारभार बघणारे तीन कमिशनर नवीन यंत्रांबद्दल सुनावणी घेणार आहेत. हे बाहेर आलं तर चाळीसही यंत्रं जातील आणि त्यांच्याबरोबर भानुदासची नोकरीही. लोकांचा मागच्या सगळ्या निवडणुकांवरचा विश्वास जाईल तो वेगळाच. दातरा बदल आणि पुढे चल, असं तिनं सांगितलं.

भानुदासनं दातरा बदलला नाही. माझी पाठ बंद करून कुलूप घातलं आणि किल्ली स्वतःकडे ठेवली. पण तो कुणाशी बोललाही नाही. ख्रिसमस गेला, नवीन वर्ष लागलं. तो रोज यायचा, बाकीच्या एकोणचाळीस जणांना तेल घालायचा आणि माझ्याकडे बघायचं टाळायचा.

जानेवारीच्या सहा तारखेला शाळा मंडळानं मतदान घेतलं. पाच विरुद्ध चार. रिव्हर स्ट्रीटची शाळा जूनमध्ये बंद होणार. मार्थाला हरवून आलेल्या सभासदाचं मत त्या पाचांत होतं.

त्या शनिवारी शीला डबा घेऊन गोदामात आली. सुनावणी पुढच्या गुरुवारी होती आणि भानुदासला साक्षीला बोलावलं होतं. कमिशनरांचे प्रमुख टिल्मन यांना आमच्यासारखी जुनी यंत्रंच हवी होती. आमची देखभाल करणारा माणूस आमच्या बाजूनं बोलेल, अशी त्यांची खात्री होती. घरी भानुदासला झोप लागत नव्हती, जेवण जात नव्हतं. शीलानं डबा उघडलाच नाही. एका खोक्यावर बसली आणि काय झालंय ते सांगा म्हणाली.

त्यानं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

"तुम्ही मिसेस हॅलोरनला रिपोर्ट केलंत ना," ती म्हणाली. "मग तुमचं काम झालं. वरचे लोक बघतील. अहो, ते दीड वर्ष आठवतंय ना तुम्हाला? सुमेधा आता हायस्कूलला आहे."

ती उठून माझ्याजवळ आली. तिला यंत्रांचं फारसं कळत नव्हतं, पण ती नर्स होती. रोग कुठून सुरू झाला हे विचारायची तिला सवय होती.

"हे कधी अडलं असेल? सकाळी की नंतर?"

"चारच्या सुमाराला," भानुदास म्हणाला. "मतदारांच्या नोंदवहीवरून तसा अंदाज लागतो. तोपर्यंतची सगळी मतं मोजली गेली. त्यानंतर तिला पडलेलं एकही नाही."

शीला पडद्याशी उभी होती.

"मी पावणेसहाला आले होते," ती म्हणाली.

तो खाली बघत होता.

"तुम्हाला हे माहीत होतं."

"हो."

"महिनाभर."

"हो."

तिनं माझा पडदा बाजूला केला आणि आत आली. नोव्हेंबरातल्या नावांच्या पट्ट्या अजून जागेवर होत्या. तिनं मार्थाच्या नावावर बोट ठेवलं. खटका मात्र ओढला नाही. ती मला म्हणत होती की त्याला, ते मला आजही कळलेलं नाही, पण ती हळूच म्हणाली, "मी आईंना पत्र लिहिलं असतं. त्या असत्या तर. आज मी मत दिलं म्हणून." रमाबाई चार वर्षांपूर्वी वारल्या होत्या.

मग बाहेर येऊन तिनं कोटाची बटणं लावली. "चारनंतर कोण येतं व्होट द्यायला?" तिनं विचारलं. "ज्यांना दिवसा सुट्टी मिळत नाही तेच ना? गुरुवारी सांगा तुम्ही. नोकरीचं मी बघते."

ती गेल्यावर भानुदास माझ्यासमोर येऊन बसला आणि पहिल्यांदा रडला.

गुरुवारी मला ट्रकनं कोर्टहाऊसमध्ये नेलं. दिवाणखान्यासारखा मोठा हॉल, खुर्च्या भरलेल्या. माझ्या शेजारी नवीन यंत्र मांडलं होतं. यंत्र कसलं, एका घडीच्या टेबलावर ठेवलेली चौकट. त्यात एक जाड कार्ड सरकवायचं आणि आपल्या उमेदवारापुढच्या भोकात सुई खुपसायची. कार्डाला छिद्र पडतं. मग सगळी कार्डं कॉम्प्युटर मोजतो. कंपनीचा माणूस ते एका हातानं उचलून दाखवत होता. लोक हसले. माझ्याकडे बघून कुणी हसलं नाही, पण मला म्हातारपण जाणवलं.

टिल्मन यांनी भानुदासला बोलावलं. ही यंत्रं विश्वासाची आहेत की नाहीत, एवढंच सांगा, असं ते म्हणाले.

भानुदासनं त्यांना विनंती केली की आपण स्वतः येऊन एक मत द्यावं. टिल्मन हसत उठले. भानुदासनं माझी पाठ उघडून श्रोत्यांकडे फिरवली आणि पहिल्या रांगेतल्या लोकांना मार्थाच्या चाकावरचा आकडा मोठ्यानं वाचायला सांगितला. नव्व्याण्णव. टिल्मननी त्याच नावाचा खटका खाली केला, दांडा ओढला. आकडा पुन्हा वाचला गेला. नव्व्याण्णव. दुसरे कमिशनर आले. नव्व्याण्णव. तिसरे आले. नव्व्याण्णव.

माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी लाज ती. आणि तरीही सांगतो, ज्या माणसानं मला सुंदर म्हटलं होतं त्यानंच ती मला दिली याचं मला बरं वाटलं. दुसरं कुणी असतं तर त्यानं मला खोटारडा म्हटलं असतं. भानुदास म्हणाला की हे यंत्र खोटं बोललेलं नाही, ते थकलंय. आणि ते थकलंय हे कळायला आपण कुठली सोय ठेवलेली नाही.

टिल्मननी विचारलं, "नोव्हेंबरात किती मतं गेली?"

"मला माहीत नाही, सर. आणि ते आता कुणालाच कधी कळणार नाही."

मग त्यानं नव्या चौकटीकडे बोट केलं. त्याचं कौतुक त्यानं केलं नाही. छिद्राचा तुकडा अर्धवट लटकत राहू शकतो, सुई नीट बसली नाही तर छिद्र पडतच नाही, हेही सांगितलं. कंपनीच्या माणसाला ते आवडलं नाही. "पण कार्ड मागे उरतं," भानुदास म्हणाला. "शंका आली तर ते उजेडात धरून बघता येतं. याच्या पाठीत बघण्यासारखं काही उरत नाही."

दोन विरुद्ध एक मतानं नवीन यंत्रं घ्यायचं ठरलं. एक मत टिल्मन यांचं होतं, ते शेवटपर्यंत आमच्या बाजूनं राहिले.

लोक पांगल्यावर मार्था कोव्हॅक भानुदासजवळ आली. ती आभार मानेल असं त्याला वाटलं असावं, कारण त्यानं हात पुढे केला. तिनं तो धरला नाही.

"तुला कधी कळलं?" तिनं विचारलं.

"दहा डिसेंबरला."

"मंडळाचं मतदान सहा जानेवारीला झालं."

ती ओरडली नाही. एवढंच बोलून त्याच्याकडे बघत राहिली. भानुदासच्या तोंडून फक्त सॉरी निघालं, आणि तेही नीट नाही. मार्थानं मान हलवली आणि ती निघून गेली. पुढे ती शीलाशी बोलायची, सुमेधाची चौकशी करायची. भानुदासशी मात्र दोन वर्षं बोलली नाही.

ती कोर्टात गेली. न्यायाधीशांनी मला पुरावा म्हणून सील करायला लावलं. म्हणून वसंतात माझी एकोणचाळीस भावंडं भंगारात गेली आणि मी गोदामात एकटा उरलो, दोषी म्हणून वाचलेला. खटला दीड वर्ष चालला. भानुदासनं डिसेंबरात अकरा वेळा दांडा ओढून बघितला होता, तेच त्याच्याविरुद्ध वापरलं गेलं. यंत्र तेव्हाच बिघडलं नसेल कशावरून, असं समोरच्या वकिलानं विचारलं. शेवटी न्यायाधीश म्हणाले की अन्याय झाला असणं शक्य आहे, पण गेलेली मतं हरलेल्या सातांपेक्षा जास्त होती, हे सिद्ध करता येत नाही. निकाल कायम.

तोपर्यंत शाळा बंद होऊन वर्ष उलटलं होतं. खिडक्यांना फळ्या ठोकल्या होत्या.

भानुदासला कुणी कामावरून काढलं नाही. यंत्रंच नाहीत तर मेकॅनिक कशाला, म्हणून ती जागाच रद्द झाली. तो आता शीलाच्याच हॉस्पिटलात बॉयलर आणि लिफ्ट सांभाळतो. निवडणुकीच्या दिवशी रजा घेऊन फायर स्टेशनात केंद्र अधिकारी म्हणून बसतो. प्रत्येक मतदाराला तो सांगतो की कार्ड पेटीत टाकण्याआधी उलटं करून बघा, तुकडा लटकत असेल तर काढून टाका. लोक कंटाळतात. तो तरीही सांगतो. सत्त्याऐंशीच्या नोव्हेंबरात मार्था तिथं मत द्यायला आली तेव्हा त्यानं तिलाही सांगितलं. तिनं कार्ड उलटं केलं, दिव्याकडे धरून नीट बघितलं, आणि म्हणाली, "ठीक आहे, मिस्टर मेश्राम." हे त्यानं काल मला सांगितलं, माझं सील काढायला आला तेव्हा.

त्या निवडणुकीत मार्था जिंकली. शाळा काही परत उघडली नाही.

आज अठ्ठ्याऐंशीचा मार्च संपत आलाय. अपिलाची मुदतही संपली, माझी कुणाला गरज नाही. उद्या सकाळी भंगारवाल्याचा ट्रक येईल. भानुदास म्हणाला की तो येणार नाही, त्याला बघवणार नाही. जाताना त्यानं माझ्या पाठीचं दार हळूच लावलं आणि बराच वेळ त्यावर हात ठेवून उभा राहिला.

मी तीस वर्षं उभा राहिलो. हजारो माणसांची मतं मी बरोबर मोजली, त्याचं श्रेय मला नको, ते माझं कामच होतं. तुम्हाला एवढंच विनवतो. उद्या माझ्या जागी जे कुठलं यंत्र येईल, ते कितीही चकचकीत असो, त्याला प्रश्न विचारायला लाजू नका. माझं मत कुठं गेलं, मला दाखव, असं म्हणा. चांगल्या यंत्राला त्याचा राग येत नाही. माझ्यासारख्याला तर कुणी विचारावं असंच वाटत असतं.

मला कुणीच विचारलं नाही. कमिशनरांनी भानुदासला विचारलं, वकिलांनी एकमेकांना विचारलं, न्यायाधीशांनी कागदांना विचारलं. आकडा कुणालाच कधी कळणार नाही, असं भानुदास म्हणाला, आणि माणसांपुरतं ते खरं होतं. पण प्रत्येक वेळी चाक अडलं तेव्हा ताण माझ्या अंगात उठला होता. त्या संध्याकाळी पडद्याआड कोण कोण आलं होतं, हे मी मरेपर्यंत सांगणार नाही. किती जण होते, एवढं सांगतो.

एकोणीस.